पाटावरची बटणं

दोन ओढ्यांच्या मध्ये वसलेल्या एका गावात एक मिस्त्री राहत होता. शहरातल्या कचेऱ्या जुने झालेले संगणक माळ्यावर टाकून द्यायच्या, ते हा गोळा करून आणायचा. एकाचा पडदा, दुसऱ्याचा डबा, तिसऱ्याची वायर असं जुळवत जुळवत एक चालता संगणक उभा करायचा. दात घासायच्या ब्रशने फटीफटीतली धूळ काढायचा. पत्रा असा पुसायचा की त्यात तोंड दिसावं. आणि मग ज्याला नवा संगणक या जन्मी परवडणार नाही, अशा माणसाला तो देऊन टाकायचा. बदल्यात सुपारीचं खांडसुद्धा घ्यायचा नाही.

पण एक अट असायची. घेणाऱ्याला तो डब्यावर हात ठेवायला लावायचा आणि आपल्यामागून म्हणवून घ्यायचा, "जपेन. सांभाळेन. ओरखडा पडू देणार नाही." मग स्वतः बजावायचा, "बिघडला तर माझ्या दारात येऊ नका. दुसरा मिळणार नाही."

याला कारण होतं. अगदी सुरुवातीला दिलेल्या एका संगणकावर त्याला कोंबडी बसलेली दिसली होती. डबा गरम लागतो म्हणून घरच्यांनीच तिला अंड्यांसकट तिथे बसवलं होतं. फुकट मिळालेल्या वस्तूची माणसाला किंमत नसते, हे तेव्हापासून त्याच्या मनाने घेतलं आणि ही शपथ सुरू झाली.

दिवाळी सरली आणि कासाराची सून त्याच्याकडे आली. डोक्यावरचा पदर सावरत उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"मिस्त्रीदादा, तालुक्याच्या कचेरीत लेखनिक घ्यायचेत. चैत्रात टंकलेखनाची परीक्षा आहे. बसेन म्हणते."

"येतं का तुला?"

"लग्नाआधी शिकले होते. बोटं विसरलीत. सराव केला तर जमेल. आणि दादा, वयाच्या अटीत बसणारी माझी ही शेवटचीच परीक्षा आहे. पुढच्या वर्षी अर्जही घेणार नाहीत."

मिस्त्रीने आपल्याकडचा सगळ्यात चांगला संगणक तिच्यासाठी काढला. तिने शपथ घेतली, पण इतक्या हळू आवाजात की त्याला ती दोनदा म्हणवून घ्यावी लागली. हातही तिने पुरता टेकवला नाही. गरम तव्यावर धरावा तसा डब्याच्या वर नुसता धरला. मिस्त्रीला ते आवडलं. याला म्हणतात जपणं, असं त्याला वाटलं.

हिवाळा गेला. संगणक नेलेल्यांपैकी कुणीही मिस्त्रीच्या दारात परत आलं नाही. आपलं काम किती पक्कं आहे, म्हणून तो खुशीत होता. ही खुशी शेजारच्या सायकलवाल्याने मोडली.

"काय मिस्त्री," टायरमध्ये हवा भरता भरता सायकलवाला म्हणाला, "तुमच्या गिऱ्हाइकांना पाय नाहीत का हो? एकदा गेलं की पुन्हा तोंड दाखवत नाही कुणी."

"माझं काम बिघडतच नाही."

"असं होय! माझ्याकडे बघा, रोज तीच माणसं, तेच पंक्चर. वापरली की वस्तू कुरकुरणारच. दारात उभ्या ठेवलेल्या सायकलीला काटा कुठून लागणार?"

सायकलवाला हसून कामाला लागला, पण तो काटा मिस्त्रीला लागला. त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिना. स्क्रू पिळायला घ्यावा आणि मध्येच हात थांबावा. जेवायला बसावं आणि अर्ध्यावर उठावं. एक बटणही तुटू नये? एक वायरही उंदराने कुरतडू नये? शेवटी एका सकाळी त्याने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि तो आपले संगणक पाहायला निघाला.

आधी गेला गुरवाकडे. गुरवाने हात धरून त्याला आतल्या खोलीत नेलं. कोपऱ्यात, लग्नातल्या शालीखाली, संगणक झाकलेला होता. शाल बाजूला केली तर पडद्याला हळदीकुंकवाची बोटं लागलेली आणि बटणांवर सुकलेली झेंडूची फुलं.

"दसऱ्याला पूजा केली," गुरव अभिमानाने म्हणाला. "तेव्हापासून फूल हललं नाही, बघा."

"आणि चालू कधी केला होता?"

"छे हो! तुम्ही बजावलं होतं ना."

मिस्त्री पाणीही न पिता उठला. शिंप्याकडे गेला. शिंप्याने संगणक कपाटावर, छताला लागून ठेवला होता. पाहुणे आले की खालून दाखवायचा. खाली उतरवून पाहिलं, तर वायर लावायच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं.

"बघा, ओरखडा नाही," शिंपी म्हणाला.

"नाही रे बाबा," मिस्त्री म्हणाला. "ओरखडा नाही." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

परीक्षा तोंडावर आली होती. तो जवळजवळ धावतच कासाराच्या घराकडे निघाला. हिने तरी वापरला असेल. हिला गरज होती. हिची शेवटची संधी होती. वाटेत तो स्वतःला हेच समजावत राहिला आणि तरी त्याची पावलं आणखी जोरात पडत राहिली.

ओटीवर कासारीण, म्हणजे त्या सुनेची सासू, एका नव्या नवरीच्या हातात बांगड्या भरत होती. आतून टकटक टकटक असा आवाज येत होता. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. टंकलेखनच चाललं होतं! त्याने दारातून आत डोकावून पाहिलं.

सून भुईवर बसली होती. संगणक तिच्यासमोर स्टुलावर होता, पांढऱ्या फडक्यात बांधलेला, वरून सुतळीची गाठ मारलेली. आणि तिच्या मांडीवर होता जेवायला बसायचा लाकडी पाट. पाटावर तिने खडूने चौकोन काढले होते, प्रत्येक चौकोनात एकेक अक्षर. तिची बोटं त्या पाटावर भराभर पडत होती. त्याचाच तो आवाज होता.

"हे काय गं ताई?"

ती दचकून उभी राहिली. "सराव करतेय, दादा. तुमच्या संगणकाला हात लावलेला नाही हो! शपथ आहे ना. परीक्षेच्या आदल्या दिवशी एकदा सोडेन म्हणते, नजरेखालून घालायला."

मिस्त्री पुढे झाला. त्याने आधी सुतळी सोडली, फडकं काढलं, वायरी जोडल्या. पडदा उजळला.

"बस. याच्यावर लिही."

"तुम्ही म्हणता म्हणून," असं म्हणत ती बसली. पाटावर धावणारी बोटं इथे काठीसारखी ताठ झाली. एकेक बटण ती असं दाबत होती, जणू ते चावेल. आणि पडद्यावर जे उमटलं त्याला ना शेंडा होता ना बुडखा. 'गाव' लिहायला गेली तर भलतंच काही. बोट कधी शेजारच्या बटणावर, कधी दोन बटणांच्या मध्ये.

ती पडद्याकडे बघत राहिली. "पाटावर तर सगळं बरोबर येत होतं."

मग तिचं तिलाच कळलं. तिने पाट उलटा करून भिंतीला टेकवला. "पाटावर चूक कुठे दिसते," ती म्हणाली. "अख्खी थंडी मी चुकाच पाठ केल्या, दादा."

बाहेरून कासारीण म्हणाली, "मी रोज सांगत होते, उघड एकदा ते गाठोडं! तर म्हणे मिस्त्री रागावतील. अहो मिस्त्री, एवढं दरडावून दिलंत कशाला? द्यायचा होता की राखायला ठेवायचा होता?"

मिस्त्री खाली मान घालून म्हणाला, "ताई, शपथ मी परत घेतो. वापर. काय व्हायचं ते होऊ दे."

पण शपथ घ्यायला एक क्षण लागतो, ती अंगातून निघायला थोडका वेळ पुरत नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, तरी तिची बोटं ताठच. तिसऱ्या दिवशीही तेच. एखादं बटण जोरात वाजलं की ती हात मागे घेई आणि त्याच्या तोंडाकडे पाही.

"काही होत नाही गं. दाब."

"तोंडाने म्हणता, दादा. पण मघाशी माझ्या बांगडीने पत्र्याला नुसतं शिवलं, तर तुमचा जीव कळवळला. मी पाहिलं."

खरं होतं ते. मिस्त्रीने त्या डब्याकडे पाहिलं. किती दिवस घालवले होते त्याने हा पत्रा आरशासारखा करायला! हात पिशवीत गेला, बाहेर आला, पुन्हा गेला. तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. मग त्याने पिशवीतून पेचकस काढला, डोळे मिटले आणि त्याच्या टोकाने पत्र्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक लांबलचक रेघ ओढली.

कर्रर्र!

"अरे अरे अरे!" कासारीण ओटीवरून धावत आली. "मिस्त्री, डोकं फिरलं का तुमचं?"

"झाला ओरखडा," मिस्त्री म्हणाला. त्याच्या कपाळाला घाम आला होता. "आता जपायला काही उरलं नाही."

एवढ्यावर तो थांबला नाही. पेचकसाचं टोक घालून त्याने कीबोर्डची बटणं एकामागून एक उचकटली आणि सगळी सुपात ओतली. "लाव आता तुझी तू."

सुनेने भीत भीत पहिलं बटण बसवलं. टक् करून बसलं. तिने मिस्त्रीकडे पाहिलं. दुसरं बसवलं. तिसरं उलटं लागलं, ते काढून सुलट लावलं. चौथं भलत्याच जागी गेलं, तर कासारीणच म्हणाली, "अगं, ते तिथे नव्हतं. ते या टोकाला. रोज पाटावर बघतेय ना मी!" तिघंही हसायला लागले. शेवटचं बटण बसलं तेव्हा सून पहिल्यांदाच संगणकापुढे मांडी घालून ऐसपैस बसली.

"आणि हे बघ," कासारीण तिच्यामागे बसून तिचं मनगट हलवत म्हणाली, "हात सैल सोड. रोज बायांना सांगते, ताठ हाताच्याच बांगड्या फुटतात. सैल सोड, सैल."

मग त्या घरात जो आवाज सुरू झाला, तो पाटाचा नव्हता. चुका होत होत्या, पडद्यावर दिसत होत्या, ती खोडत होती, पुन्हा लिहीत होती. चुलीवर भात करपला. कासारिणीने तक्रार केली आणि करपलेलाच खाल्ला. परीक्षा इतकी जवळ आली होती की मिस्त्रीला आपल्या घरी बसवेना. तो कामाचं निमित्त काढून गल्लीतून जायचा, आवाज ऐकायचा आणि पुढे व्हायचा.

एका दुपारी आवाज आला नाही. मिस्त्री तसाच घरी परतला तर सून त्याच्याच दारात उभी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर संगणकाचा डबा.

"दादा, बंद पडला." तिचा चेहरा उतरलेला होता. "म्हणाला होतात, दारात येऊ नका. पण परीक्षा परवावर आली आणि..."

"ये, ये, आत ये!" मिस्त्रीने तो डबा असा उतरवून घेतला, जणू लेकीच्या घरचा फराळ आला आहे. "कशाने बंद पडला?"

"पंखा अडकलाय बहुतेक. आवाज करत होता."

"कसा आवाज करत होता?"

"गरगर, गरगर, मग नुसतीच घरघर."

"बरोबर ओळखलंस. घे पेचकस. तूच उघड." पंख्यात चिंधी अडकली होती. ती काढली, पंखा फिरला. डबा बंद केल्यावर एक स्क्रू हातात उरला.

"हा कुठला?" ती घाबरली.

"कुणास ठाऊक," मिस्त्री म्हणाला. "एक उरतोच. जा, सरावाला बस."

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी मिस्त्रीने सकाळपासून एकही काम धड केलं नाही. हातातली वायर सोलता सोलता बोट सोललं. दुपार टळली तेव्हा कासारीण आली. डोक्यावर संगणकाचा डबा, काखेत कीबोर्ड. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय झालं, कासारीणबाई? निकाल?"

"आधी हे बघा. ही मधली बटणं आत जातात ती वर येतच नाहीत. साखर सांडली वाटतं."

"ते बघतो हो! निकाल काय?"

"आणि हा डबा. काल माझ्या हातातून ओटीवरून खाली आला. आतून काहीतरी खुळखुळतंय."

"अहो, सूनबाईचं काय झालं ते सांगा आधी!"

कासारिणीने डबा त्याच्या पुढ्यात ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "तिला काय होतंय? ती पास झाली, कचेरीने आजच लिहायला बसवली तिला. परीक्षा झाल्यापासून घरचं यंत्र रिकामं पडलं होतं, तर म्हटलं, आता आपण शिकावं. ही सगळी मोडतोड माझीच आहे. नीट करून द्या लवकर. संध्याकाळी मला माझं नाव लिहायचंय."

तात्पर्य: देताना वस्तूबरोबर धाकही दिला, तर वस्तू घरात पोचते, पण हातात पोचत नाही.