बोरखडीच्या शाळेतील पाच झोळ्या

श्रीवाकळनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी बोरखडीला होता. मुक्काम म्हणजे तरी काय? मारुतीच्या पारावर अंथरलेली ठिगळांची वाकळ, उशाला एक वीट, आणि कुणी आणून दिली तर भाकरी. गावातली बडी मंडळी सकाळी धूतवस्त्र नेसून दर्शनाला येत, तेव्हा पार रिकामा असे. शोध घ्यावा तर महाराज वेशीबाहेर, मिशनच्या शाळेत, बिगारीच्या वर्गातल्या चिमुकल्या पोरांमध्ये मांडी घालून बसलेले!

शाळा म्हणजे एक खोली. शेणाने सारवलेली जमीन, वर कौलं, आणि मधोमध त्या कौलांचा भार पेलणारी सागाची जाडजूड तुळई. शिकवायला एकट्या मार्थाबाई. त्यांचे यजमान मिशनचे प्रचारक होते, ते पटकीच्या साथीत गेले. बाईंनी डोळे पुसले आणि त्याच खोलीत चिमण्या पोरांची शाळा धरली. सकाळी आल्याबरोबर सगळ्यांची नखं बघायची, डोक्याला फणी लावायची, नाकं पुसायची. मग प्रार्थना, मग जमिनीवर चिंचोके मांडून अक्षरं. एखादं पोर चिंचोका नाकात घालून बसायचं आणि तो काढण्यात सकाळचा निम्मा वेळ जायचा.

बाईंना एकच गोष्ट खुपत होती. मुली शाळेत येत नव्हत्या. येणार कशा? आई रानात खुरपायला आणि पोरीच्या कडेवर धाकटं भावंड. पोर सांभाळील की अक्षर गिरवील? बाईंनी त्यावर तोड काढली. जुन्या लुगड्यांच्या पाच झोळ्या तुळईला ओळीने बांधल्या, पाचांना मिळून एक दोरी जोडली आणि तिचं टोक आपल्या पायाच्या अंगठ्याला. बाई खाली बसून पाटीवर अक्षर काढत, पाय हलत राही आणि पाच बाळं एकदम झुलत. पोरींचे हात मोकळे झाले. पाच पोरी पाच बाळं घेऊन रोज शाळेत येऊ लागल्या.

गावाला हसायला निमित्त मिळालं. "शाळा हाय का बाळंतिणीची खोली?" असं लोक म्हणत. बाई ऐकत आणि पुढचं नाक पुसत.

महाराज पहिल्यांदा शाळेच्या दारात आले तेव्हा बाई उठून उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "महाराज, मी हात जोडते. पाया मात्र पडणार नाही. माझा प्रभू एकच आहे."

मागून आलेल्या भक्तांचे चेहरे आंबट झाले. महाराज मात्र खदखदून हसले. "माझ्या पायात काय ठेवलंय, बाई? त्या पोराचं नाक वाहतंय, ते बघा. अन् ती दोरी द्या हिकडं." त्या दिवसापासून झोळ्यांची दोरी महाराजांच्या हातात आली. ज्यांच्या एका कटाक्षासाठी लोक कोसाकोसावरून येत, ते आमचे महाराज भिंतीला टेकून पाच बाळांना झोके देत बसत!

या पाच पोरींत न्हाव्याची पोरकी कोंडी होती. ती मोकाशांच्या घरी त्यांचा नातू सांभाळायला होती. बाळराजांना हवा खायला नेते असं सांगून ती निघायची आणि शाळा गाठायची. घरची कामं उरकून येईपर्यंत तिला उशीर होई, म्हणून भिंतीकडची शेवटची झोळी तिच्या वाट्याची. बाईंना हे ठाऊक होतं. त्या एकदा म्हणाल्या, "कोंडे, कळलं तर चामडी लोळवतील तुझी."

"आन् न्हाई आले तर वाचाया कोण शिकवंल?" कोंडी म्हणाली.

रंगराव मोकाशी म्हणजे गावचे मालकच. शाळेची तुळई त्यांच्या वडिलांनी आनंदाने दिली होती. बाप दिलदार होता, लेकाने फक्त मिशी उचलली. वेशीबाहेरची आणि वेशीच्या आतली पोरं एकाच तुळईला शेजारी शेजारी झुलतात, हे कानावर आलं तेव्हा रंगराव घोड्यावर बसून शाळेच्या अंगणात आले. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणं त्यांना विटाळाचं वाटे, म्हणून त्यांनी घोड्यावरूनच आवाज दिला.

"ए मास्तरणी, माझ्या बापाच्या तुळईला नको ती पोरं लोंबकळत्यात. सोमवारच्या आत झोळ्या उतरव. न्हाईतर तुळई वढून नेतो. मग बस आभाळाखाली."

"तुळई तुमच्या वडिलांनी शाळेला दिली," बाई दारातून म्हणाल्या. "दिलेलं परत मागायची रीत तुमच्या घरात कधीपासून सुरू झाली?"

गड्यांच्या देखत असं कुणी रंगरावांना बोललं नव्हतं. ते लालबुंद होऊन परतले. तालुक्याच्या चर्चमधल्या पाळकसाहेबांना बातमी कळली, तेही बिचारे घाबरून आले. "मार्थाबाई, झोळ्या काढा. शाळा तरी वाचेल."

"झोळ्या गेल्या की पोरी गेल्या," बाई म्हणाल्या. "मग वाचलं काय, साहेब? भिंती?"

रविवारी संध्याकाळी महाराजांनी त्यांना विचारलं, "भ्याला का, बाई?"

"भ्याले. पण झोळ्या काढणार नाही."

"मग झालं तर," महाराज म्हणाले आणि वाकळ खांद्यावर टाकून पाराकडे निघून गेले.

सोमवारी बैल आले, गडी आले, घोड्यावर रंगरावही आले. तुळईचं टोक भिंतीबाहेर आलेलं होतं, त्याला गड्यांनी मोटेचा जाड नाडा बांधला. रंगरावांचा हिशेब असा की धाकाने आज कुणी तान्हं बाळ पाठवलंच नसेल. बाईंचा हिशेब असा की आत लेकरं आहेत म्हटल्यावर कुठलाही माणूस थांबतोच. दोघांचाही हिशेब चुकला.

बाईंनी चालती पोरं भराभर अंगणात काढली आणि रंगरावांपुढे उभ्या राहिल्या. बाळराजांचं नाव घ्यावं तर कोंडीची चामडी जाणार, म्हणून त्या एवढंच म्हणाल्या, "आत पाच बाळं झोपलीत. मला ती बाहेर आणू द्या, मग ओढा."

"रिकाम्या झोळ्या दावून मला थांबवतीस?"

"खोटं वाटतं तर आत या आणि डोळ्यांनी बघा."

"मी? तिथं आत?" रंगराव हसले. चार पावलांवर उंबरा होता. एवढी चार पावलं टाकली असती तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण विटाळाचा विचार डोक्यात भरला की माणसाला चार पावलंही काशीहून दूर वाटतात. ते गड्यांकडे वळून म्हणाले, "वढा."

बाई आत धावल्या. त्याच क्षणी पोरांच्या घोळक्यातून कोंडीने टाहो फोडला, "सरकार, बाळराजं आत हायती!"

आसूड आधीच वाजला होता. बैल उसळले, भिंत कडाडली आणि तुळई धडधडत अंगणात येऊन पडली. मागोमाग कौलं कोसळली. सगळीकडे धूळच धूळ झाली.

रंगरावांनी घोड्यावरून उडी टाकली आणि उंबरा ओलांडून आत धाव घेतली. धूळ खाली बसू लागली, तसे ते जागच्या जागी थिजले.

वर उघडं आभाळ होतं. कौलांचा खच भिंतींच्या कडेने पडला होता. आणि मधोमध पाचही झोळ्या गुडघ्याइतक्या उंचीवर संथ झुलत होत्या. त्यांच्या दोऱ्या वर गेल्या होत्या. तुळईभोवती घातलेले वेढे, मारलेल्या गाठी, सगळं जसंच्या तसं होतं, फक्त त्या वेढ्यांच्या आत तुळई नव्हती. भिंतीशी महाराज बसले होते आणि एका हाताने दोरी ओढत गुणगुणत होते. एकही बाळ जागं झालं नव्हतं. काय ती लीला!

रंगराव धडपडत शेवटच्या झोळीकडे निघाले. तेवढ्यात मार्थाबाई आडव्या आल्या. कौल लागून त्यांचा उजवा हात लुळा झाला होता, रक्त ठिबकत होतं.

"थांबा. शाळेत रांग असते. दाराजवळच्या बाळापासून उचला."

"बाई, माझा नातू हाय तिथं."

"पाचही कुणाची तरी नातवंडं आहेत. माझा हात धड असता तर मीच उचलली असती. आता तुम्ही उचला."

रंगरावांनी महाराजांकडे आशेने पाहिलं. महाराज म्हणाले, "दोरी मी किती वेळ धरू, रंगराव? वाक."

झोळ्या खालीच होत्या, वाकल्याशिवाय हात पोचत नव्हता. रंगराव वाकले. पहिलं बाळ त्यांचं अंगण झाडणाऱ्या बाईचं. जिची सावली पडली तरी ते ओरडत, तिचं लेकरू त्यांनी दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. लेकरानेही पाहुणचारात कसूर केली नाही, रंगरावांचा जरीचा शेला पार भिजवून टाकला. बाळ उचलताच ती झोळी मऊपणे जमिनीवर उतरली. दाराशी आया धावत आल्या होत्या. रंगरावांनी ते बाळ त्याच्या आईच्या हातांत दिलं आणि दुसऱ्या झोळीकडे वळले. दुसरं बाळ धनगराचं, तिसरं कोळ्याचं, चौथं पुन्हा वेशीबाहेरचं. प्रत्येक वेळी ते वाकले, आणि प्रत्येक वेळी पूर्वीपेक्षा सावकाश. पाचव्या झोळीपाशी आले तोवर त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. बाळराजे अंगठा चोखत झोपले होते.

ती झोळी रिकामी झाली आणि महाराजांनी दोरी सोडली.

नातवाला कोंडीच्या हातात देऊन रंगरावांनी महाराजांच्या पायांवर लोटांगण घातलं. महाराजांनी पाय वाकळीखाली ओढून घेतले. "पाच डाव वाकलास, तेवढं मला पोचलं. आता हिला इचार, काय करायचं ते."

रंगराव उठून मार्थाबाईंकडे वळले आणि मान खाली घालून उभे राहिले.

"तुळई पुन्हा जागेवर चढवा," बाई म्हणाल्या. "आणि ही कोंडी यापुढे चोरून येणार नाही. तुमच्या दारातून, तुमच्या देखत, पाटी घेऊन येईल."

"व्हय, बाई," रंगराव म्हणाले आणि पडलेली कौलं वेचायला खाली वाकले.