न फुटणारी गणती

एका राज्यात गर्वाला तोटा नव्हता. प्रजा पासष्ट हजार पाचशे छत्तीस आणि सिंहासनावर राणी मंदारवती. दर दसऱ्याला शिरगणती होई. तान्ह्या पोरांसकट सारे मैदानात रांगा लावत. राणी मात्र गच्चीतून पाही. राजाने रांगेत उभे राहायचे नाही, ही तिथली रीत. "आमची गणती निम्मी होते, निम्म्याची पुन्हा निम्मी, थेट एकापर्यंत! आहे कुठे असा आकडा?" अशी बढाई जो तो मारी.

ती बढाईच भोवली. दसऱ्याला कालदंष्ट्र जादूगार आला. "जी गणती समान वाट्यांत फुटते, ती माझी," असे म्हणून त्याने फुंकर मारली. झाले! उभ्या रांगा दगड झाल्या. राणी तेवढी उरली, कारण तिला कोणी मोजलेच नव्हते.

"सोड माझ्या माणसांना," राणी गरजली.

"न फुटणारी गणती दाखव. तीनदा वाटे करीन. एकटा माणूस म्हणजे वाटा नव्हे. तिन्ही वेळा फसलो तर शाप सरला. एकदा जरी साधले तर सारे कायमचे दगड."

राणी खाली धावली. तिला वाढवणारी दाई दगड होऊन उभी होती. तिच्या गळ्यात पडून राणी ढसाढसा रडली. दाईच्या खांद्यावर साळुंकी बसली होती. ती बोलली, "राणीसाहेब, एक माणूस मोजायचे राहिले."

"कोण?"

"आपण. मला गणतीत धरू नका, मी पक्षी. पण फसलात तर आपणही दगड व्हाल, हं!"

राणीने डोळे पुसले, मुकुट सारखा केला आणि ती दाईच्या शेजारी रांगेत उभी राहिली. "मी यांची राणी, यांच्यातलीच एक. मोज आता!"

पासष्ट हजार पाचशे सदतीस.

कालदंष्ट्राने दोन वाटे केले. एक माणूस उरले. तीन केले. दोघे उरले. आता तो घामाघूम झाला. शेवटचे वाटे करण्याआधी खडे मांडून पाचांनी, सातांनी, अकरांनी पारखत बसला. दर वेळी कोणी ना कोणी उरेच. दोनशे छप्पन्नाशी येऊन त्याने कपाळाला हात लावला.

"पुढे बघा की!" साळुंकीने खिजवले.

"कशाला? याहून जास्त वाटे पाडले, तर एकेका वाट्यात माणसे याहून कमीच येणार. ते सगळे आकडे पारखून झाले. ही गणती कशानेच फुटत नाही!"

तिसरी खेप फसली. शाप उलटून कालदंष्ट्रच जागच्या जागी दगड झाला आणि मैदानभर माणसे हलू लागली, पोरे रडू लागली.

"अगं बाई! ताईसाहेब, तुम्ही रांगेत? आणि या उन्हात?" दाई ओरडली.

"माझी जागा हीच, दाई," राणी म्हणाली आणि तिने तिचा हात घट्ट धरला.

आजही तिथे दसऱ्याला शिरगणती होते. गच्ची रिकामी असते. रांगेच्या अगदी पुढे राणी उभी राहते आणि मान ताठ करून पहिला आकडा स्वतः पुकारते, "एक!"