रोहिणीच्या टबातलं पाणी

“आक्का, टबातलं पाणी किती गरम हवं, सांगा बघू?”

सोनाक्का लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणासाठी?”

“कुणासाठी म्हणजे? बाळंत होणाऱ्या बाईसाठी.”

“कुठल्या?”

शर्वरीला हसू आलं. आक्कांनी तालुक्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून जन्म घालवला होता. निवृत्त झाल्यावर त्या घरीच मुलींना सुईणपण शिकवत; शर्वरी त्यांतलीच एक. पण पाण्यातलं बाळंतपण शर्वरी पुण्याहून शिकून आली होती, आणि त्यातलं आक्कांना काही ठाऊक नसणार, असं तिने मनाशी धरूनच ठेवलं होतं.

“सदतीस अंश,” ती म्हणाली. “आपल्या अंगाइतकं. वर नाही, खाली नाही.”

“बरं,” आक्का म्हणाल्या, आणि त्यांनी पुढची पाकळी उचलली.

गावातली रोहिणी दुसऱ्यांदा बाळंत होणार होती. पहिल्या वेळी ती फार भ्याली होती. कोण काय करतंय हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. नंतर कितीतरी दिवस ती झोपेतून दचकून उठायची. या वेळी घरीच, पाण्यात बसून व्हावं, एवढं एकच तिने नवऱ्याजवळ मागितलं होतं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून होकार दिला होता, पण अट घातली होती. कळा मंदावल्या आणि दिवेलागणीपर्यंत पुढे काही सरकलं नाही, तर तिला सरळ दवाखान्यात आणायचं. दारात जीप उभी ठेवायची.

शर्वरीच्या एकटीच्या हातावरचं हे पहिलंच बाळंतपण होतं.

टब निवडताना घरात बरीच चर्चा झाली. रोहिणीचा नवरा संग्राम गुऱ्हाळवाला. तो म्हणाला, गुळाची काहील घासून लख्ख करून देतो, चार माणसं बसतील एवढी आहे. सासूबाईंनी विचारलं, सून बाळंत करायची आहे की तिचा गूळ करायचाय? शर्वरीने दोन टबांचे फोटो दाखवले. एक उथळ, दुसरा जाड काठाचा, तळाला मऊ. त्यातला जाड काठाचा तिने पुण्याहून मागवला.

आक्कांनी हे शर्वरीकडून ऐकून घेतलं.

“रोहिणीनं कुठला निवडला?”

“तिला दोन्ही चालणार होते.”

“हं…”

कळा सुरू झाल्या त्या एका सकाळी. शर्वरीने डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि कामाला लागली. परसात दोन बंब पेटवले. घासलेल्या घागरींनी पाणी आणून टब भरला, विसणाचं गार पाणी घातलं, तापमापक बुडवला. सदतीस. तिला स्वतःचाच अभिमान वाटला.

सासूबाईंची त्यांच्या परीने तयारी चालली होती. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून त्यांनी खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या, फटीत चिंध्या कोंबल्या, रोहिणीच्या कानात कापूस घातला आणि डोक्याला लोकरी स्कार्फ घट्ट बांधला. मग त्या टबाशेजारीच ठाण मांडून बसल्या आणि रोहिणीच्या जाऊबाईंच्या बाळंतपणात काय काय झालं होतं ते सांगू लागल्या.

रोहिणी पाण्यात उतरली. शर्वरीने विचारलं, “पाणी कसं आहे ताई?”

“चालेल.”

शर्वरी बंबाकडे पळाली. पाणी निवायच्या आत दुसरं तयार हवं होतं. परत आली, तापमापक बघितला, पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. ती पुन्हा बंबाकडे.

दुपार कलली तशा कळा मंदावल्या.

शर्वरीने बाळाचे ठोके ऐकले. छान होते. रोहिणीची नाडी बघितली, तिला पाणी पाजलं, कुशीवर वळवून बघितलं, थोडं चालवून परत टबात बसवलं. कळ यायची, अर्ध्यातच विरून जायची. संग्रामने जीपमध्ये चटई टाकली. ते बघितल्यावर रोहिणीने डोळे मिटून घेतले आणि मग कुणाकडे बघितलंच नाही.

शर्वरीने आक्कांना बोलावणं पाठवलं.

आक्का आल्या. पदर खोचला, हात धुतले, ठोके पुन्हा ऐकले. मग टबाच्या काठाशी पाट घेऊन बसल्या. शर्वरीने घाईघाईने सगळं सांगितलं. पाणी सकाळपासून अगदी बरोबर आहे, एका अंशाचा फरक पडू दिलेला नाही.

आक्कांनी तापमापक पाण्यातून काढला, पुसला आणि तिच्या हातात दिला.

“मग याला बाळंत कर.”

शर्वरीचा चेहरा उतरला.

आक्का रोहिणीकडे वळल्या. “पाणी कसं आहे गं, बाळा?”

“चालेल, आक्का.”

आक्का पाटावरून उठल्या नाहीत.

बाहेर बंबात लाकूड तडतडलं. शर्वरी सवयीने उठायला निघाली. आक्कांनी न बघताच तिचं मनगट धरलं आणि तिला खाली बसवलं.

सासूबाई म्हणाल्या, चालेल म्हणतेय की ती. आक्कांनी त्यांच्याकडेही बघितलं नाही. त्या रोहिणीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. रागाने नाही, घाईने नाही. दुसरं काही कामच नसल्यासारख्या.

किती वेळ गेला कोण जाणे… शर्वरीला तो फार लांब वाटला.

“…उकडतंय,” रोहिणी म्हणाली.

“हं.”

“पाणी फार गरम आहे. सकाळपासून.”

“हं.”

“हा स्कार्फ नको. डोकं ठणकतंय… खिडकी उघडा.”

सासूबाई म्हणाल्या, “अगं, वारा लागेल.”

रोहिणीने त्यांच्याकडे बघितलं. आता ती ‘बरं’ म्हणणार, असं शर्वरीला वाटलं.

“लागू दे,” रोहिणी म्हणाली. “आणि आत्या… तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा. जाऊबाईंचं आता नका सांगू मला.”

लग्न होऊन या घरात आल्यापासून ती सासूशी असं कधी बोललेली नव्हती.

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. दारापर्यंत गेल्या. मग वळून म्हणाल्या, “एवढंच होतं, तर आधी नाही का सांगायचं? मला तरी कुठं हौस आहे वाफेत बसायची. घामानं लुगडं भिजलं माझं.”

रोहिणी हसली. हसता हसता रडली. आणि त्यातच तिला कळ आली, ती विरली नाही.

मग सगळं पटापट झालं. शर्वरीने फटीतल्या चिंध्या ओढून काढल्या आणि खिडकी उघडली. समोरच्या उसाच्या शेतावरून गार झुळूक आली. रोहिणी सांगेल तेवढंच विसण तिने टबात घातलं. “अजून,” रोहिणी म्हणाली. “अजून थोडं… बास.” पुढची कळ आली तेव्हा तिने टबाचा जाड काठ दोन्ही हातांनी धरला आणि मोठ्याने ओरडली. बाहेर संग्राम उठून उभा राहिला. सासूबाईंनी त्याला हाताला धरून खाली बसवलं. ओरडू दे तिला, म्हणाल्या.

तापमापक कुठे पडला, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

उन्हं अजून अंगणात होती तेव्हा मुलगी झाली. शर्वरीने तिला पाण्यातून अलगद वर घेतलं आणि आईच्या छातीवर ठेवलं. क्षणभर ती गप्प होती, मग खणखणीत रडली. शर्वरी ओल्या फरशीवर तशीच बसून राहिली. डॉक्टरीणबाई येऊन दोघींना तपासून गेल्या. सगळं ठीक होतं. संग्रामने जीपमधली चटई काढून घेतली.

रोहिणी आणि बाळ कोरड्या अंथरुणावर गेल्यावर शर्वरी आणि आक्का मिळून टब रिकामा करू लागल्या.

“आक्का… मीपण विचारलं होतं तिला. परत परत विचारलं होतं.”

“हो,” आक्का म्हणाल्या. “आणि विचारून झालं की कुठं जात होतीस?”

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणी आणि तिची मुलगी ऊन अंथरुणावर येईपर्यंत झोपल्या होत्या, आणि त्यांना कुणी उठवलं नाही.