खंडेनवमीचं निरांजन

अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या पंपांच्या दोन्ही केबल्स, रोजची आणि राखीव, एकाच वीज-पॅनेलच्या डोक्यावरून गेलेल्या. आगीचा धोका तपासायला आलेल्या वैजयंती खानोलकर म्हणाल्या, "आत ठिणगी उडून स्फोट झाला तर दोन्ही एकदम जळतील. राखीव केबल हलवा."

केंद्राचे संचालक घैसाससाहेब हसले. "मॅडम, पॅनेलला जाड लोखंडी दार आहे. ठिणगी काय कडी काढून बाहेर येणार? उगाच राईचा पर्वत करू नका!"

बाईंची तपासणी चालू असतानाच खंडेनवमी आली. यंत्रांच्या पूजेत पहिला मान त्याच पॅनेलचा. दाराला हार घालून झाल्यावर वैजयंतीबाई स्टुलावर चढल्या आणि पेटतं निरांजन पॅनेलच्या माथ्यावर ठेवायला त्यांनी हात उंचावला.

"अहो, खाली घ्या ते!" साहेब सगळ्यांदेखत ओरडले. "वर केबल्स आहेत, पेटतील ना!"

"एवढ्याशा वातीनं?"

"आगीला एवढंसंच लागतं!"

बाई शांतपणे खाली उतरल्या. "साहेब, निरांजन तरी फुलानं शांत करता येतं. हे पॅनेल पेटलं, तर त्यावर कुठलं फूल ठेवायचं?"

त्या दिवशी साहेबांनी प्रसादाच्या आधी केबल हलवायचा हुकूम वाटला.