दहाव्या घरातला पत्ता

"बाई, दहाव्या घरात मृत्यू पडला, तर त्याचा दुसरा काही अर्थ निघतो का हो?"

पायरीवर चपला काढता काढताच विश्वंभरनं विचारलं. टॅरोचे पत्ते वाचण्यात अख्ख्या कोल्हापुरात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सांगत फिरायचा. ज्या दमयंतीबाईंकडे ही विद्या शिकला, त्यांच्या पन्हाळ्यावरच्या घरी सहा वर्षांत फिरकला नव्हता पठ्ठ्या. आज आला तो घामानं डबडबून.

बाई शेंगा सोलत बसल्या होत्या.

"बस. हा पत्ता निघाला की लोकांना काय सांगतोस?"

"सांगतो, घाबरू नका. मृत्यूचा पत्ता म्हणजे मरण नव्हे, बदल."

"मग झालं तर!"

"लोकांचं वेगळं, बाई. ही माझी पोर आहे..."

मनवा नऊ वर्षांची. काळजाला भोक. ऑपरेशनची तारीख मिळाली की विश्वंभर तिच्या नावानं दहा पत्ते मांडायचा, आणि दहाव्या घरात, म्हणजे जिथं निकाल कळतो नेमका तिथंच, घोड्यावरचा सांगाडा, मृत्यूचा पत्ता. एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा काहीतरी थाप मारून त्यानं तारीख पुढं ढकलली. खरं कारण बायकोलाही ठाऊक नव्हतं. काल मात्र डॉक्टरांनी चांगलंच सुनावलं. गुरुवारी आणा, नाहीतर पुढं माझ्याही हातात काही राहणार नाही.

"बाई, गुरुवारी नेली आणि परत आलीच नाही तर..."

"पत्ते काटले कुणी?" बाईंनी विचारलं.

ज्याचा प्रश्न, त्यानंच डाव्या हातानं पत्ते काटायचे; काटेल त्याचंच पत्ते सांगतात. बाईंनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते हेच.

"मीच काटले. एवढ्याशा पोरीला कशाला दाखवायचे असले पत्ते?"

"तुझ्या हातानं?"

"हो..."

"मग निघाला तो कुणाचा?"

भर दुपारी विश्वंभरच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"माझा?... म्हणजे, मी..."

बाई शेंगा सोलत राहिल्या.

पत्ता आपला, म्हणजे पोरीचा नाही, एवढंच त्यानं धरलं. मग उठला, अंगणात गेला आणि त्यानं दवाखान्यात फोन लावला.

"गुरुवारी आणतो मनवाला... हो, नक्की. आता नाही बदलणार."

बोलला एकदाचा.

आत आला तेव्हा चेहरा पुन्हा पांढराफटक. मघाशी तो पत्ता आपला निघाला म्हणून घाबरला होता. आता तो आपला नसून पोरीचाच असला तर काय, या विचारानं जास्तच घाबरला. त्यानं बाईंसमोर हात जोडले.

"बाई, पाया पडतो तुमच्या, खरं काय ते सांगा. तो पत्ता माझाच ना? तिचा नाही ना?"

बाईंनी टरफलं सुपात गोळा केली. पदरानं हात पुसले.

"विश्वंभर," त्या म्हणाल्या, "पोरीला भीती वाटते का, विचारलंस कधी?"