वीस सेकंदांच्या पुढे

“म्हणजे चाचा, या दोन्हींत तुम्हाला काहीच फरक ऐकू येत नाही?”

हेरंबने तिसऱ्यांदा विचारलं. चाचांच्या दुकानात पुढ्यात दोन हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर, मध्ये एक बटण, आणि हेडफोन चाचांच्या कानांवर. दाबलं की तोच आवाज एकातून, पुन्हा दाबलं की दुसऱ्यातून. मोठा आवाज कानाला उगाच गोड लागतो, म्हणून मीटर लावून त्याने दोन्ही तंतोतंत सारखे केले होते. तयारीत कसर नव्हती.

दस्तगीरचाचा मिरजेत पन्नास वर्षं तंबोऱ्याची जवारी काढत होते. तारांखालची घोडी कानसेने घासत राहायची आणि तार खुलून बोलू लागली की हात थांबवायचा. ऐन विशीत हेरंब दोन वर्षं त्यांच्याकडे शिकला, मग पुण्याला नोकरीला गेला. आता तो अ‍ॅम्प्लिफायरांची परीक्षणं लिहायचा. त्याच्या कानांचा बराच बोलबाला होता, आणि त्यात त्याचा स्वतःचा वाटा मोठा होता.

“पुन्हा लाव,” चाचा म्हणाले.

त्याने लावलं. वीस सेकंद. बटण. तेच वीस सेकंद.

“ही बाई कोण?”

“माझी बायको. मृदुला.”

ती गेल्याचं चाचांना ठाऊक होतं. त्यांनी हेडफोन उतरवले.

मग हेरंबनेच सांगितलं. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात, तो औषधं आणायला गेला असताना, तिने त्याच्या रेकॉर्डरवर अकरा मिनिटं बोलून ठेवलं होतं. सुरुवातीच्या वीस सेकंदांत एक श्वास आहे, एक आवंढा आहे. यंत्र पारखायला याहून चांगला तुकडा नाही. तीन वर्षांत सव्वीस यंत्रं त्याने यावरच पारखली.

“आणि पुढं काय बोलते?”

“पुढचं अजून ऐकलं नाही.”

चाचांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“पहिल्यांदा एकदाच ऐकता येतं, चाचा. ते चांगल्या यंत्रावरच ऐकायचं ठरवलंय.”

हे त्याने स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की आता ते शहाणपणाचं वाटत होतं. खरं तर त्याला भीती वाटत होती. ती अकरा मिनिटं संपली की तिचं नवं असं काही ऐकायचं उरणार नव्हतं.

चाचांनी मांडीवरच्या तंबोऱ्याची तार छेडली. हेरंब काही बोलू गेला, तसं त्यांनी बोट वर केलं. तार पुरती विझेपर्यंत त्या दुकानात कुणी बोलत नसे, गिऱ्हाईकसुद्धा. हा नियम हेरंब विसरला होता.

तार बारीक होत गेली… गेली.

चाचांनी तंबोरा बाजूला ठेवला, हेडफोन पुन्हा कानांवर चढवले आणि स्वतःच रेकॉर्डिंग सुरू केलं. वीस सेकंद झाले. सवयीने हेरंबचा हात बटणाकडे गेला. चाचांनी त्याचं मनगट धरलं.

सोडलं नाही.

हेरंबला काही ऐकू येत नव्हतं. तो नुसता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसला. एका ठिकाणी चाचा किंचित हसले. पुढे कधीतरी त्यांनी डोळे मिटले. आपल्या बायकोचं बोलणं आपल्याआधी दुसराच कुणी ऐकतोय, हे त्याला सहन होईना. पण हात सोडवून घ्यायचंही त्याच्याने झालं नाही.

अकरा मिनिटं संपली. चाचांनी हेडफोन काढून त्याच्या मांडीवर ठेवले. बटण कुठल्या यंत्राकडे होतं, हे दोघांनीही पाहिलं नव्हतं.

“कसा… कसा आहे आवाज?” हेरंबने विचारलं.

चाचांनी कानस उचलली. घोडीवरची भुकटी फुंकरीने उडवली.

“शेवटी शेवटी लई हळू बोलते ती,” ते म्हणाले. “जवळ बसून ऐक.”