सोडा म्हणेपर्यंत

"साठीनंतर माणसाने गोष्ट सांगायला बसावं की ऐकायला, भन्ते?"

भिक्खू धम्मसार विहाराच्या पायरीवर बसले होते. त्यांनी सरकून शेजारी जागा करून दिली.

सूर्यभान गजभिये यांनी छायाचित्रे पायरीवर मांडली. जिल्हा रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात त्यांची सारी नोकरी झाली होती. निवृत्तीनंतर त्यांनी कॅमेरा घेतला. गावच्या विणकरांची गोष्ट चित्रांतून सांगावी, एवढी एकच इच्छा उरली होती.

"बघा. एकही चित्र हललेलं नाही," ते म्हणाले. स्वरात अभिमान होता.

"नाही हललेलं."

"तरी कुणी दोन क्षण थांबून पाहत नाही. विणकर गुणाबाईंना त्यांचाच फोटो दाखवला, तर म्हणाल्या, हा कोन्या दवाखान्यातला आहे बाप्पा?"

भन्ते गालात हसले.

"हसू नका. आज संध्याकाळी हा कॅमेरा भाच्याला देऊन टाकणार आहे. हे काम माझं नाही, असं तुम्ही एकदा म्हणा, म्हणजे मी सुटलो."

"आधी माझा एक काढा."

सूर्यभान यांनी कॅमेरा उचलला. भन्त्यांची हनुवटी किंचित वर करवली, खांदे सरळ करवले.

"हलू नका… श्वास रोखा… हं."

कळ दाबली गेली. सूर्यभान मागे वळले, सावलीत गेले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र मोठे करून न्याहाळू लागले.

"पापणीचा केस न् केस मोजून घ्या, भन्ते."

उत्तर आले नाही.

"चीवराची वीणसुद्धा दिसते आहे."

…

त्यांनी वर पाहिले. भन्ते तसेच बसले होते. छाती निश्चल, गाल फुगलेले, कपाळाची शीर टरारलेली.

"भन्ते? अहो भन्ते… सोडा."

भन्त्यांनी श्वास सोडला. खांदे खाली आले. चीवर दंडावरून घसरले. डोळ्यांत पाणी आले, आणि त्या पाण्यातूनच त्यांना हसू फुटले. ऐंशीच्या घरातला तो चेहरा एकाएकी उघडा, खोडकर, कुणाचा तरी धाकटा भाऊ असावा तसा झाला.

सूर्यभान पाहत राहिले. कॅमेरा हातात लोंबत होता.

"कमाल करता तुम्ही. फोटो केव्हाच निघाला होता."

"तुम्ही सोडा म्हणाला नाहीत."

"जीव घाबरा केलात माझा."

भन्त्यांनी चीवर सावरले. "रुग्णालयात म्हणत होतात, सोडा म्हणून?"

"रोज म्हणत होतो. सवयच ती."

"मग माणसं काय करायची?"

"काय करणार? श्वास सोडायची. उठायची."

"कशी दिसायची?"

सूर्यभान यांनी कॅमेऱ्याचा पडदा बंद केला.

विहारामागे कुणीतरी वाळलेली पाने झाडत होते.

"पाहिलं नाही," ते हळूच म्हणाले. "तोवर मी यंत्राकडे वळलेला असायचो. माझं काम झालेलं असायचं."

"आणि गुणाबाई?"

"त्यांनाही म्हणालो असेन. श्वास रोखा म्हणून." ते खाली बसले. "फोटो झाल्यावर मागावर डोकं टेकून त्या कुणाशी तरी बोलत होत्या… मी कॅमेरा पिशवीत घालत होतो."



सूर्यभान यांनी पायरीवरची छायाचित्रे एकावर एक ठेवली आणि बाजूला सारली. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घातला.

"आत्ता तुम्ही हसलात ना, भन्ते… तेच हवं होतं मला."

"हो."

"माझ्यासमोर होतं. आणि गेलं."

"गेलं," भन्त्यांनी मान हलवली.

"मग आता?"

"पुढचा श्वास येतोच आहे."